पोळीचे तुकडे का केलेस?

मागच्या महिन्यातली संध्याकाळ. दिवस मावळायला अर्धा तास उरलेला, म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात घाईचा अर्धा तास. सून नुकतीच ऑफिसातून आलेली, मुलगा हातपाय धुतोय, हे ताटावर येऊन बसलेले, आणि मी तव्यापाशी. नातू सव्वादोन वर्षांचा आहे. त्याच्या ताटलीत पोळी घेतली, तूप लावलं, सवयीने भराभर चार तुकडे केले आणि पुढे ठेवली. त्याने ताटलीकडे एकदा पाहिलं आणि असं भोकाड पसरलं की समोरच्या वहिनी दार उघडून विचारायला आल्या.

मग काय, घरभर निदानं सुरू झाली. मुलगा म्हणाला, "लाडावलाय, दुसरं काही नाही." हे म्हणाले, "दाढ येत असेल." मी म्हटलं, दुपारी नीट झोपला नाही. सून काहीच बोलली नाही. तिने तव्यावरची पुढची पोळी तशीच अखंड त्याच्यापुढे ठेवली. पठ्ठ्याने ती दोन्ही हातांनी उचलली, तोंडासमोर धरून पाहिली, हुंदके देत देतच एका कडेला तुकडा मोडला आणि खाऊ लागला. त्याच पोळीचा तुकडा, तेच तूप.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला एकदम तो कोट आठवला.

मैत्रिणींनो, हा कोट माझा नाही. तो इटलीतल्या नेपल्सजवळच्या एका तरुण आईचा. मारिया माँटेसरीबाईंनी बालपणाच्या रहस्याविषयी जे पुस्तक लिहिलं, त्यात हा प्रसंग आहे. नीरोची गुहा म्हणतात ती बघायला काही माणसं चालली होती, त्यांत बाईही होत्या. एका आईबरोबर दीड वर्षाचं मूल. चालून चालून ते दमलं तेव्हा तिने त्याला कडेवर घेतलं. उकडायला लागलं म्हणून अंगातला कोट काढून हातावर टाकला. झालं, मूल रडायला लागलं, आणि रडणं वाढतच गेलं. बाकीचे मदतीला धावले, कुणी त्याला घेऊ पाहिलं, कुणी दटावलं, पण ते कुणालाच आटपेना. शेवटी माँटेसरीबाई पुढे झाल्या आणि आईला म्हणाल्या, तुम्हाला कोट अंगात घालायला मदत करू का? आईला वाटलं, या बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. तरी तिने तो घातला. मूल त्या क्षणी शांत झालं. कोटाची जागा खांद्यावर, हातावर नव्हे. त्याच्या मते जगात काहीतरी बिघडलं होतं आणि ते दुरुस्त झालं, एवढंच.

तसंच आणखी एक, सहा महिन्यांच्या बाळाचं. घरी आलेल्या पाहुण्या बाईने आपली छत्री टेबलावर ठेवली आणि बाळ रडू लागलं. सगळ्यांना वाटलं त्याला छत्री हवी आहे. हातात दिली तर त्याने ढकलून दिली. छत्री दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवल्यावर ते निवलं. टेबल ही छत्रीची जागा नव्हे, हे त्या घरात सर्वांत आधी त्या बाळाला खुपलं होतं.

माँटेसरीबाईंचं म्हणणं असं की दीड-दोन वर्षांच्या आसपास लेकरांना वस्तूंच्या ठरलेल्या जागेची, ठरलेल्या रीतीची भूक असते. नवीन जगात आल्यावर माणूस खुणा धरून चालतो, त्या खुणा हलल्या की पायाखालची जमीन हलते. पोळी गोल असते. तुकडे झाले म्हणजे पोळी राहिली नाही. आता प्रत्येक भोकाडामागे ही एकच भूक असते असं मला वाटत नाही. दाढसुद्धा येते आणि झोपसुद्धा येते. बाईंना कधीकधी जिथे तिथे आपलंच तत्त्व दिसायचं, असं त्यांची पुस्तकं वाचताना मला वाटतं. पण "लाडावलाय" या शब्दापाशी त्या थांबल्या नाहीत, आणि तिथूनच हा सगळा इतिहास सुरू होतो.

माँटेसरी शिक्षिका नव्हत्या, डॉक्टर होत्या. जन्म 1870चा. तरुणपणी त्यांचं काम रोममधल्या मतिमंद मुलांशी आलं. त्या काळी अशा मुलांना वेड्यांच्या इस्पितळातच ठेवत. त्यांच्या एका चरित्रकाराने लिहून ठेवलंय की, तिथल्या एका खोलीत मुलं कोंडलेली होती आणि त्यांची राखण करणारी बाई मोठ्या किळसेने सांगत होती, जेवण झालं की ही मुलं जमिनीवर पालथी पडून पावाचा चुरा शोधत बसतात. माँटेसरींनी खोलीत नजर फिरवली. चार भिंती आणि जमीन. हातात धरण्याजोगी एकही वस्तू नाही. राखण करणारीला जी खादाडी दिसत होती, ती डॉक्टरला हातांची उपासमार दिसली.

मग आलं 1907. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत एका बांधकाम कंपनीने जुन्या चाळीसारख्या इमारती दुरुस्त करून मजुरांना भाड्याने दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर, शाळेत जाणारी मुलं शाळेत, आणि तीन ते सहा-सात वर्षांची पोरं जिन्यांवर मोकाट. भिंती खरवडायची, रेघोट्या मारायची. कंपनीला काळजी पोरांची नव्हे, भिंतींची होती. म्हणून तिने एक खोली दिली आणि पोरांना तिथे गोळा करायला सांगितलं. 6 जानेवारी 1907 ला ते बालघर उघडलं. राखायला ठेवलेली बाई म्हणजे त्याच इमारतीच्या दरवानाची मुलगी. शिक्षणशास्त्र वगैरे काही शिकलेली नाही. माँटेसरींना ते बरंच वाटलं.

त्या खोलीत काय काय दिसलं ते त्यांनी लिहिलंय, आणि त्यातले काही प्रसंग मला आपल्या घरातले वाटतात.

साहित्याचं कपाट कुलपात असायचं. बाई कपाट उघडणार, वस्तू वाटणार, काम झालं की परत घेऊन कुलूप लावणार. एके दिवशी बाईंना यायला उशीर झाला आणि आदल्या दिवशी कुलूप लावायचं राहून गेलं होतं. त्या आल्या तेव्हा पोरांनी कपाट उघडून वस्तू काढल्या होत्या. बाईंच्या मते ही चोरी, शिक्षा व्हायला हवी. माँटेसरींनी पाहिलं की प्रत्येक पोराने आपल्याला हवी तीच वस्तू घेतली आहे आणि ते कामाला बसलंय. ज्याला आपल्याला काय हवं ते ठाऊक आहे, त्याला चोर कसं म्हणायचं? कुलपाचं कपाट गेलं, पोरांच्या हाताला येईल अशी बुटकी, उघडी कपाटं आली. आजही कुठल्याही बालवाडीत जा, तुम्हाला ती बुटकी कपाटं दिसतील. ती एका "चोरी"तून आली आहेत.

एकदा त्यांनी मुलांना नाक कसं शिंकरायचं ते दाखवलं. रुमाल कसा काढायचा, आवाज न करता, कुणाच्या लक्षात न येता कसं पुसायचं. मुलांनी एकटक पाहिलं आणि शेवटी चक्क टाळ्या वाजवल्या. बाई चकित. मग त्यांच्या लक्षात आलं, शेंबडं म्हणून या पोरांना दिवसातून दहादा हिणवलं जातं, पण नाक पुसायचं कसं हे आजवर कुणी शिकवलेलंच नाही. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते. आपण किती वेळा "नीट बस", "नीट खा" म्हणतो. ते "नीट" म्हणजे नेमकं कसं, हे कधी हळूहळू करून दाखवलंय?

आणि हा प्रसंग तर सगळ्या आज्यांनी वाचावा असा. पाण्याच्या भांड्यात काही खेळणी तरंगत होती आणि मुलांनी भोवती गर्दी केली होती. अडीच वर्षांचा एक छोटा मागे राहिला. त्याने आत घुसायचा प्रयत्न केला, जमेना. मग तो उभा राहून इकडेतिकडे पाहू लागला. त्याला एक लहान खुर्ची दिसली. चेहरा उजळला. ती ओढून तिच्यावर चढून बघायचं, असं त्याने मनात ठरवलेलं दिसत होतं. तेवढ्यात बाईंनी प्रेमाने त्याला उचललं आणि म्हणाल्या, बघ बाळा तूही! खेळणी दिसली, पण चेहऱ्यावरचा तो उजेड गेला. माँटेसरींना ही मदत म्हणजे हिसकावून घेणं वाटलं. मला वाचताना माझेच दोन हात दिसले.

पण म्हणून तिथे वाटेल तो गोंधळ चालायचा असं नाही, हेही सांगायला हवं. दुसऱ्यांना सतत त्रास देणाऱ्या मुलाला एका कोपऱ्यात, छोट्या टेबलाशी, आरामखुर्चीत बसवत. तिथून त्याला बाकीची मुलं काम करताना दिसत, आवडीची खेळणी त्याला मिळत, आणि बाई त्याच्याशी आजारी मुलाशी वागावं तशा वागत. आधी डॉक्टरकडून तपासणीही होई. म्हणजे मुलाला थांबवायचं, पण त्याचा अपमान करायचा नाही.

हे सगळं इटलीतलं. ते आपल्या घरापर्यंत कसं आलं? तर आधी गुजरातच्या वाटेने.

1920च्या आसपास अहमदाबादच्या अंबालाल साराभाईंच्या घरी हा विचार पोचला. हे आपल्याच समाजातलं गिरणीमालकांचं कुटुंब. सरलादेवी आणि अंबालालभाईंना आठ मुलं. बाहेरच्या शाळांतला धाकदपटशा त्यांना नको होता, म्हणून 'रिट्रीट' या आपल्या बंगल्यातच त्यांनी शाळा चालवली. विक्रम साराभाई त्याच शाळेत वाढले. त्या मुलांना शिकवायला एडविन मॉर्टिमर स्टँडिंग नावाचे एक इंग्रज गृहस्थ आले होते. पुढे त्यांनीच माँटेसरींचं मोठं चरित्र लिहिलं. वर ती पावाच्या चुऱ्याची गोष्ट सांगितली ना, ती त्यांच्याच पुस्तकातली.

पण बंगल्यातली शाळा ती बंगल्यातली. सामान्य आईबापांशी बोलायला लागले ते गिजुभाई बधेका.

गिजुभाई मूळचे वकील. जन्म 1885चा, सौराष्ट्रातल्या चितळचा. काही वर्षं पूर्व आफ्रिकेत काढली, मग मुंबईत कायद्याचा अभ्यास, मग वढवाणला वकिली. 1913 मध्ये मुलगा झाला आणि या वकिलाला प्रश्न पडला, याला वाढवायचं कसं? त्या काळात बापाला हा प्रश्न पडणं हेच नवल. मूल वाढवणं बायकांचं, शिस्त मास्तरांची, बापाने महिन्याचा पगार आणावा आणि प्रसंगी छडी उगारावी, झालं. गिजुभाई शोधत राहिले. वसो गावच्या मोतीभाई अमीन यांच्याकडून त्यांना माँटेसरींच्या विचारांची ओळख झाली. 1916 मध्ये वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि 1920 मध्ये तिथे बालमंदिर सुरू केलं. भरदार मिशांचा हा माणूस लहान लहान पोरांत गोष्टी सांगत बसायचा, म्हणून लोक त्यांना 'मूछाळी मा', मिशीवाली आई म्हणू लागले.

त्यांनी मुलांसाठी ढीगभर पुस्तकं लिहिली, पण मला त्यांची आईबापांसाठी लिहिलेली जास्त महत्त्वाची वाटतात. एकाचं नावच 'आ ते शी माथाफोड?' म्हणजे, ही काय डोकेफोड! घरोघर रोज होणाऱ्या कटकटी, आईचं ओरडणं, मुलाचं न ऐकणं, त्यातून होणारी रडारड, आणि मग हे असं का झालं याचा शांतपणे घेतलेला शोध. थोर तत्त्वज्ञान नाही. आपल्याच ओसरीवरचं भांडण कुणी भिंतीआडून ऐकून लिहून काढावं, तसं आहे. दुसऱ्या एका पुस्तकात त्यांनी आईबाप होणं अवघड आहे असं नावातच सांगून टाकलंय.

त्यांचं 'दिवास्वप्न' तर पुष्कळांनी वाचलं असेल. एक नवा शिक्षक वर्षभरासाठी चौथीचा वर्ग मागून घेतो आणि प्रयोग करतो, अशी ती गोष्ट. पहिल्या दिवशी तो पुस्तकात वाचलेला शांततेचा खेळ घ्यायला जातो. दारं लावा, डोळे मिटा, आवाज ऐका. पोरं म्याव म्याव काय करतात, पाय काय आपटतात, नुसता धुडगूस! बिचाऱ्याला सुट्टी द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो आणि तीच पोरं हालत नाहीत. गिजुभाईंचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. माँटेसरींचं पुस्तक डोक्यात ठेवून वर्गात गेलात तर पोरं तुम्हाला चीत करतील, हे त्यांनी लपवलं नाही. समोरचं पोर कुठल्या घरातून, काय ऐकून, काय खाऊन आलंय, ते आधी बघा.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायलाच हवी. माझा मुलगा, म्हणजे आजच्या नातवाचा बाप, तेव्हा तीन वर्षांचा होता. सकाळी गाळून ठेवलेलं पाणी पिंपात भरलेलं. मी देवळातून आले तर हा स्वयंपाकघरात ओगराळ्याने पाणी काढतोय आणि एका वाटीत ओततोय. वाटी भरून वाहतेय, जमीन ओली, पिंप अर्धं रिकामं. मी एक सणसणीत धपाटा घातला आणि त्याला गॅलरीत उभं करून दार लावून घेतलं. किती वेळ, ते आता लिहवत नाही. तो आधी रडला, मग दार वाजवलं, मग गप्प झाला. तो गप्प झाला तेव्हा मला वाटलं, समजलं त्याला.

बऱ्याच वर्षांनी एका बालवाडीत गेले होते. तिथे ट्रेमध्ये दोन छोटे गडू आणि पुसायला फडकं ठेवलेलं. एक तीन वर्षांची मुलगी या गडूतून त्या गडूत पाणी ओतत होती. पुन्हा परत. पुन्हा. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, हा हाताचा व्यायाम आहे, मुलं मन लावून करतात. ज्याबद्दल मी माझ्या लेकराला कोंडलं, ते इथे ट्रेमध्ये मांडून दिलं होतं, सांडलेलं पुसायला फडकं देऊन. माँटेसरींनी त्या पहिल्या बालघरात दट्ट्यांच्या पेटीशी बसलेली एक मुलगी पाहिली होती. लहानमोठे दट्टे आपापल्या भोकात बसवायचे, काढायचे, पुन्हा बसवायचे. बाईंनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणं म्हणायला लावलं, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं चालूच. चाळीसहून जास्त वेळा तिने ते केलं आणि मग झोपेतून उठल्यासारखी समाधानाने हसली. माझ्या मुलाची किती ओगराळी झाली होती आणि किती राहिली होती, कोण जाणे. परवा त्याला विचारलं, आठवतं का रे? नाही म्हणाला.

असो. पुढे जाऊ.

1923 मध्ये भावनगरला गिजुभाईंकडे एक मराठी बाई आल्या. ताराबाई मोडक. माहेरच्या केळकर, वडील प्रार्थना समाजातले, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. अमरावतीचा संसार मोडलेला, पदरात लहान मुलगी, आणि राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद हातात. तेव्हाच्या मानाने किती मोठी जागा! ती सोडून त्या लहान पोरांच्या बालमंदिरात आल्या. गिजुभाई आणि ताराबाई या दोघांनी मिळून 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला, 'शिक्षणपत्रिका' चालवली, आणि तिचं मराठी रूप ताराबाईंनी पुढे कितीतरी वर्षं सांभाळलं. मराठी घरांत "मुलाला मारू नका, त्याचं बघा" हे बोलणं छापील रूपात शिरलं, त्यात या पत्रिकेचा वाटा मोठा आहे. 1936 मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं.

23 जून 1939 ला गिजुभाई गेले. अवघं त्रेपन्न वर्षांचं आयुष्य. आणि त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, नोव्हेंबर 1939 मध्ये, माँटेसरी स्वतः मद्रासला अड्यारला आल्या! ज्यांच्या विचारावर गिजुभाईंनी वकिली ओवाळून टाकली, त्या बाई भारतात उतरल्या तेव्हा हे नव्हते. त्या आल्या होत्या थोड्या दिवसांसाठी, पण महायुद्धात इटली इंग्रजांच्या विरुद्ध उतरली, त्यांच्या मुलाला काही काळ स्थानबद्ध केलं गेलं, आणि 1946 पर्यंत त्या इथेच राहिल्या.

ताराबाई मात्र तोवर दुसऱ्याच वळणावर आल्या होत्या. दादरच्या मध्यमवर्गातली मुलं चांगली धुतलेली, वेणीफणी केलेली यायची. खेड्यातल्या मुलाचं काय? परदेशी साहित्याची पेटी खेड्याला परवडणार कशी? 1945 मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. तिथे त्यांना अनुताई वाघ भेटल्या. मोरगावच्या, 1910चा जन्म, तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्यातून शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या. त्या बोर्डीला आल्या आणि पुढचं सगळं आयुष्य तिकडचंच झालं.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण ज्या वस्तीसाठी उघडली तिथली मुलं येईनात. आता इथे गावातल्या शहाण्यांची निदानं ऐका: या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही, पोरं उनाड, आईबाप अडाणी. म्हणजे आमच्या घरच्या "लाडावलाय"चाच मोठा अवतार. ताराबाईंनी शाळाच उचलली आणि वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात बसायचं, झाडून घ्यायचं, मुलांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, गाणी म्हणायची. शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या, खडे, हेच साहित्य. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. 1975 मध्ये सरकारने देशभर बालविकास योजना सुरू केली तेव्हा हाच शब्द घेतला. आज गल्लीबोळात अंगणवाडीची पाटी दिसते, पण "पोरं का येत नाहीत?" या प्रश्नातून तो शब्द जन्मला, हे पाटी लावणाऱ्यांना तरी माहीत असेल की नाही कोण जाणे.

पुढे 1950च्या दशकात काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आसपास वारल्यांचे पाडे. वेठबिगारीविरुद्ध वारली उठले ते 1945 मध्ये, म्हणजे जखम ताजी होती. इथेही मुलं शाळेत टिकेनात. दोघी बायकांनी पाड्यात हिंडून बघितलं. सात-आठ वर्षांचा मुलगा शाळेत नसतो कारण तो गुरांमागे असतो. तो गेला नाही तर घरात चूल अडते. मुलगी शाळेत नसते कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं. तिला शाळेत आणायचं तर त्या भावंडाला कोण बघणार? मग त्यांनी गुरं चरतात त्या कुरणातच शाळा भरवली, कुरणशाळा. आणि विकासवाडी काढली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी, म्हणजे ताईने कडेवरचं बाळ पाळणाघरात ठेवावं, मधल्याला बालवाडीत सोडावं आणि स्वतः वर्गात जाऊन बसावं.

मी जेव्हा जेव्हा हे वाचते, तेव्हा मला नेपल्सची ती आई आठवते. फरक इतकाच, की तिथे कोट अंगात घातला की काम भागलं. इथे आधी पाड्याचं सगळं जगणं समजून घ्यावं लागलं. मुलाच्या वागण्याचं कारण कधी त्याच्या मनात असतं, कधी पोटात, कधी थेट घराच्या दारिद्र्यात. माँटेसरींना सान लोरेन्झोत हे दिसलं होतंच, पण त्या तिथे फार काळ राहिल्या नाहीत. अनुताई कोसबाडला राहिल्या, 1992 मध्ये तिथेच गेल्या. माझ्या मनात अनुताईंचं पारडं जड आहे, हे कबूल करते.

ताराबाई त्याआधी गेल्या, 31 ऑगस्ट 1973 ला. तो माँटेसरींचा जन्मदिवस.

हे सगळं मी सुनेला सांगत बसले होते. ती भाजी निवडत ऐकत होती. मग म्हणाली, "आई, तुम्ही अजून पुस्तक शोधत होतात तेव्हा मी फक्त पाहिलं, तो आधी पोळीला दोन्ही हातांनी धरतो. तुकड्यांना धरता येत नाही." म्हणजे तिचं कारण तर आणखीनच साधं निघालं! माँटेसरींचं खरं की सुनेचं, ते मला ठरवता आलेलं नाही. पोळी मात्र आता अखंडच वाढते.

या आठवड्यापासून त्याने नवीन काढलंय. आमटीची वाटी काठोकाठ भरलेली हवी. जरा कमी असली की वाटी पुढे सारतो आणि माझ्याकडे बघत राहतो. भरून दिली की पीत नाही, नुसतं काठाशी डोळा लावून बसतो. का, ते अजून कळलेलं नाही. बघतेय.